जिओजेब्रा : एकमेकांच्या आकृत्या उघडून पाहणाऱ्या गणित शिक्षकांसाठी

दहावीला अंतर्लिखित कोनाचे प्रमेय शिकवताना फळ्यावर एक वर्तुळ, एक कंस आणि त्यात एक कोन काढून होतो. तो शिरोबिंदू कंसावरून कुठेही सरकवला तरी कोनाचे माप तेच राहते, हे मात्र विद्यार्थ्यांना शिक्षकाच्या शब्दावर मानावे लागते. नाहीतर तीन-चार कोन काढून कोनमापकाने मोजावे लागतात आणि खडूने काढलेल्या वर्तुळात ती मापे एक-दोन अंशांनी हमखास चुकतात. जिओजेब्रात तोच बिंदू धरून त्या कंसावरून फिरवता येतो, भुजा त्याच्यामागे धावतात आणि कोनाशेजारचा आकडा जागचा हलत नाही. या एका दृश्यासाठीसुद्धा गणिताच्या शिक्षकाने हे सॉफ्टवेअर शिकून घ्यावे, असे माझे मत आहे. परंतु प्रस्तुत परीक्षण मी वेगळ्या अंगाने लिहीत आहे. आमच्या तालुक्यातील आठ-दहा गणित शिक्षक एकमेकांच्या आकृत्या वापरतात, दुरुस्त करतात आणि परत देतात. अशा देवाणघेवाणीसाठी हे साधन कितपत उपयोगी पडते, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे.

मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधाचे काम म्हणून जिओजेब्राची सुरुवात केली. जिऑमेट्री आणि अल्जिब्रा हे दोन शब्द जोडून त्याचे नाव झाले आहे आणि त्याचे कामही तेच आहे : एका बाजूला आकृती, दुसऱ्या बाजूला तिचे समीकरण, आणि एक हलवले की दुसरे आपोआप बदलते. वर्गातील वापरासाठी ते विनामूल्य आहे. बालभारतीच्या नववी आणि दहावीच्या गणित भाग 2 या पुस्तकांतही त्याचा उल्लेख येतो, त्यामुळे नाव तरी बहुतेक शिक्षकांच्या कानावर असते.

महाराष्ट्रात 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रूढ झाला, लोकवर्गणीतून शाळांमध्ये टीव्ही आणि प्रोजेक्टर आले आणि शिक्षकांचे असंख्य व्हॉट्सअ‍ॅप गट तयार झाले. त्या गटांनी मोठे काम केले आहे, हे मी आदराने नोंदवतो. मात्र त्यांतून फिरणारे साहित्य बहुतांशी पूर्ण झालेल्या स्वरूपाचे असते : पीडीएफ, चित्रफीत, सादरीकरण. चित्रफितीतील त्रिकोणाला अबक हे नाव असेल आणि आपल्या पुस्तकात एबीसी असेल, किंवा सिद्धतेचा क्रम पुस्तकापेक्षा वेगळा असेल, तर शिक्षकापुढे ती आहे तशी दाखवणे किंवा सोडून देणे एवढेच दोन मार्ग उरतात. जिओजेब्राची फाइल आली की तीत शिरता येते. बिंदूचे नाव बदलता येते, नको असलेली रेषा लपवता येते, मराठीत सूचना लिहिता येते, एखादा स्लायडर (सरकवून माप बदलण्याची पट्टी) जोडता येतो, आणि सुधारलेली फाइल पुन्हा गटावर टाकता येते. फाइलमध्ये छायाचित्रे नसतील तर तिचा आकार इतका लहान असतो की कमकुवत नेटवर्क असलेल्या गावातही ती सहज पोहोचते.

वर उल्लेखिलेल्या अंतर्लिखित कोनाच्या फाइलचेच उदाहरण सांगतो. मी केलेल्या मूळ रचनेत कोन 40 अंशांचा होता, परंतु शिरोबिंदू जीवेच्या पलीकडच्या कंसावर नेताच पडद्यावर 220 अंश उमटत असे. कोनाचे माप 0 ते 360 अंशांत दाखवण्याची सेटिंग मी तशीच ठेवली होती आणि त्यामुळे प्रविशाल कोन मोजला जात होता. माझ्या वर्गात मी तो बिंदू पलीकडे नेण्याचेच टाळत असे. शेजारच्या केंद्रातील एका शिक्षिकेने फाइल उघडून माप 0 ते 180 अंशांत दाखवण्याची सेटिंग निवडली. आता पलीकडे 140 अंश दिसू लागले. एवढ्यावर न थांबता त्यांनी पलीकडच्या कंसावर दुसरा बिंदू घेऊन चौकोन पूर्ण केला आणि समोरासमोरच्या 40 व 140 अंशांची बेरीज पडद्यावर मांडली. जी जागा मी लपवत होतो तेथूनच चक्रीय चौकोनाचे प्रमेय सुरू झाले, आणि आज आम्ही सगळे तीच फाइल वापरतो. ती चित्रफीत असती, तर चूकही तशीच फिरत राहिली असती आणि ही भरही पडली नसती.

दुसऱ्याची रचना समजून घेण्यासाठी जिओजेब्रात असलेली सर्वांत मोलाची सोय म्हणजे रचनेच्या पायऱ्यांची नोंद. कोणतीही आकृती कोणत्या क्रमाने उभी राहिली, कोणता बिंदू कोणत्या दोन रेषांच्या छेदातून आला, हे त्या तक्त्यात ओळीने वाचता येते आणि खालच्या पट्टीवरील बाणांनी एकेक पायरी पुढे-मागे करून पाहता येते. नववीच्या ‘त्रिकोण रचना’ या प्रकरणात परिमिती आणि पायालगतचे दोन कोन दिल्यावर त्रिकोण काढायचा असतो. तेथे परिमितीएवढा रेषाखंड घेऊन त्याच्या टोकांशी दिलेल्या कोनांच्या निम्म्या मापांचे कोन का काढायचे, हा प्रश्न दरवर्षी विद्यार्थी विचारतात आणि खरे सांगायचे तर नवीन शिक्षकही विचारतात. पायरीपायरीने रचना उघडत गेले, लंबदुभाजकांमुळे दोन्ही बाजूंना तयार होणारे समद्विभुज त्रिकोण रंगवले आणि मग परिमितीचा स्लायडर हलवला, की बाह्यकोनाच्या प्रमेयातून ते निम्मे माप कसे आले हे समोर दिसते. सहकाऱ्याची फाइल अशी चाळणे म्हणजे त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून त्याचे शिकवणे पाहण्यासारखे आहे, आणि ही संधी आम्हा शिक्षकांना एरवी फार क्वचित मिळते.

एकत्र काम करताना आम्ही एक नियम पाळतो : फाइल गटावर टाकण्यापूर्वी तिचा प्रत्येक मोकळा बिंदू ओढून पाहायचा. चार बिंदू अंदाजाने ठेवून काढलेला चौरस दिसायला चौरस असतो, पण एक कोपरा ओढताच त्याचा वेडावाकडा चौकोन होतो. लंब आणि वर्तुळ यांच्या साहाय्याने रचलेला चौरस ओढल्यावर लहान-मोठा होतो, फिरतो, तरीही चौरसच राहतो. काढणे आणि रचणे यांतील हा फरक कंपास-पट्टीच्या भूमितीचा गाभा आहे. तो विद्यार्थ्यांना सांगण्याआधी आम्हालाच नव्याने पटला. लंबसंपाताच्या, म्हणजे त्रिकोणाचे तिन्ही शिरोलंब जेथे मिळतात त्या बिंदूच्या, फाइलमध्येही ओढून पाहण्याचा असाच उपयोग होतो. फळ्यावर आपण सवयीने लघुकोन त्रिकोण काढतो, म्हणून लंबसंपात नेहमी आतच असतो असे मुलांच्या मनात बसते. शिरोबिंदू ओढून त्रिकोण विशालकोन केला की तो बाहेर पडतो, आणि काटकोनाच्या क्षणी नेमका शिरोबिंदूवर येऊन बसतो.

इंटरनेट आणि पुरेशी उपकरणे असलेल्या शाळांसाठी जिओजेब्रा क्लासरूम ही सोय आहे. शिक्षकाला खाते उघडावे लागते. विद्यार्थी मात्र मिळालेला संकेतांक आणि आपले नाव लिहून थेट वर्गात येऊ शकतात, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर काय चालले आहे ते शिक्षकाला त्याच वेळी पाहता येते. चर्चेसाठी एखाद्याचे काम सर्वांना दाखवायचे असेल तेव्हा नावे झाकता येतात, हे मला विशेष आवडले. दुसऱ्या शिक्षकाला सहशिक्षक म्हणून त्या वर्गात जोडता येते, त्यामुळे दोन गावांतील शिक्षकांनी मिळून एकच तास घेणे शक्य होते. ज्या शाळेत एकच टीव्ही आहे तेथे याचा उपयोग नाही. तेथे जिओजेब्रा क्लासिक संगणकावर उतरवून घ्यावे, ते इंटरनेटशिवाय चालते.

आता उणिवांकडे वळतो. संकेतस्थळावर जगभरच्या शिक्षकांनी तयार केलेले दहा लाखांहून अधिक उपक्रम आहेत आणि त्यांची प्रत घेऊन ती बदलता येते. पण त्यांतील दर्जा अतिशय असमान आहे. एकाच प्रमेयाच्या अनेक फाइली समोर येतात आणि त्यांतील कित्येक ओढून पाहण्याच्या पहिल्याच परीक्षेत मोडतात. आपल्या पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणांनुसार शोधण्याची सोय तेथे नाही, मराठी पारिभाषिक शब्दांनी शोधून फारसे हाती लागत नाही. म्हणून इयत्ता, प्रकरण आणि करणाऱ्याचे आद्याक्षर अशा नावाने आम्ही स्वतःचा संच वेगळा ठेवला आहे. आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवण्याच्या सेटिंगमुळे त्रिकोणाचे कोन कधी 59.33, 48.34 आणि 72.34 असे दिसतात आणि एखादी चौकस मुलगी त्यांची बेरीज 180.01 येते हे दाखवून देते. दशांश स्थळे वाढवता येतात, पण मी ती मुद्दाम तशीच ठेवतो, कारण मोजणे आणि सिद्ध करणे वेगळे का, हे सांगण्याची याहून चांगली वेळ येत नाही. कितीही वेळा ओढून पाहिले तरी ती सिद्धता होत नाही, हे वर्गात स्पष्ट न केल्यास हे साधन नुकसानही करू शकते.

विज्ञान शिक्षक माझ्यापुढे कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या प्रयोगसंचाचे नाव घेतात, आणि त्यातील मराठी प्रतिकृती खरोखरच देखण्या आहेत. मात्र तेथे शिक्षक तयार प्रयोग वापरतो, आतील रचना वर्गासाठी सहज बदलू शकत नाही. ज्यांना लगेच दाखवण्याजोगे काही हवे आहे त्यांच्यासाठी फेट उत्तम आहे. एकमेकांचे काम पुढे नेऊ इच्छिणाऱ्या गणित शिक्षकांच्या गटाला मी जिओजेब्राच सुचवेन.

एक व्यावहारिक सूचना. डिसेंबर 2021 मध्ये बायजूज या भारतीय कंपनीने जिओजेब्रा विकत घेतले आणि 2024 मध्ये त्या कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. जिओजेब्राचे काम त्यानंतरही चालू राहिले आहे. तरीही अनेक वर्षांचे श्रम केवळ एका संकेतस्थळावर ठेवणे मला योग्य वाटत नाही. आमच्या गटात प्रत्येक रचनेची मूळ जीजीबी फाइल उतरवून किमान दोन शाळांच्या संगणकांवर ठेवली जाते, सोबत क्लासिकची उतरवलेली प्रतही असते, आणि नवीन सदस्याला पहिल्या दिवशी तो संपूर्ण संच पेनड्राइव्हवर दिला जातो.