गिअर-रिडक्शन सेल्फ, आठ महिन्यांनंतर: मोटार चांगली, पण टोपी कुठाय?

आधी टोपीचं सांगतो. ६,८०० रुपयांची सेल्फ मोटार (इंजिन फिरवून गाडी सुरू करणारी), आणि तिच्या ज्या टर्मिनलला बॅटरीची वायर जोडतात त्यावर घालायची रबरी टोपी पेटीत नाही! विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "सर, ती वेगळी येते. १४० रुपये, कुरिअर वेगळं." त्या टर्मिनलवर बॅटरीचा करंट थेट येतो, मध्ये फ्यूज नाही, आणि शेजारीच हेडरचे, म्हणजे इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारे, लोखंडी पाइप. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला. तो तापून कडक होतो, दोन महिन्यांनी बदलावा लागतो. ट्यूब फुकट आहे, प्रश्न तत्त्वाचा आहे.

गाडी जुनी कार्बोरेटरची हॅचबॅक. मागची सीट काढलेली, कधी ऑटोक्रॉस (मैदानात खुणांमधून वेळ लावून गाडी पळवणं), कधी ट्रॅक. गेल्या वर्षी ट्रेलरवर घालून कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर नेली. पहिलं सेशन झकास झालं. आत आलो, बंद केली, टायरची हवा बघितली, दुसऱ्या सेशनला चावी फिरवली तर नुसतं 'टक्'. चौघांनी धक्का मारला. २.१ किलोमीटरचा तो ट्रॅक, नाशिकहून तिथवरचं ट्रेलरचं भाडं आणि हातात आलेले लॅप, हा हिशोब मी मुद्दाम मांडलेला नाही.

मित्रांचं निदान ठरलेलं: पेट्रोल उकळतंय, फ्युएल पंपावर ओलं फडकं टाक. टाकलं, आणि गाडी लागली! सहा महिने माझा त्या फडक्यावर विश्वास होता. आता कळतंय की पाणी आणून, फडकं शोधून, चर्चा संपेपर्यंत अर्धा तास जायचा आणि तेवढ्यात सेल्फ आपोआप थंड व्हायचा. पेट्रोल उकळलं तर सेल्फ फिरतो पण गाडी लागत नाही. माझा सेल्फ फिरतच नव्हता. एवढा फरक आधी बघितला असता तर कार्बोरेटरची पॅकिंग दोनदा बदलावी लागली नसती.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या इलेक्ट्रिशियनने तेव्हाच सांगितलं होतं, "भाऊ, मोटार चांगलीय, करंट पोहोचत नाहीये." फुकटचा सल्ला म्हणून मी तो फुकट घालवला आणि नवा सेल्फ मागवला.

नोव्हेंबरात बसवला. वजनाला हलका, आत छोटी वेगवान मोटार आणि गिअर, त्यामुळे इंजिन झर्रकन फिरतं. आवाज मात्र मिक्सरचा. पहाटे गाडी काढली की आई आतून विचारते, "चटणी कसली करतोयस?" डिसेंबरात कुणी विचारलं असतं तर पाच स्टार दिले असते.

एप्रिलमध्ये त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत जोरात गेलो, मिसळीला थांबलो, परत आलो तर 'टक्'. इथपर्यंत लिहून झालं होतं आणि पुढे एक स्टार देऊन शिव्या घालणार होतो. पण रविवारी आधी मल्टिमीटर लावला.

मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी सोलेनॉइडच्या (चावी फिरवली की सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) छोट्या टर्मिनलला, आणि भावाला चावी फिरवायला सांगितलं. गाडी थंड असताना १.१ व्होल्ट. तापवून, बंद करून, बारा मिनिटांनी २.९! म्हणजे इग्निशन स्विचचे, म्हणजे चावीच्या स्विचचे, झिजलेले पॉइंट आणि डॅशबोर्डखालून फिरून येणारी जुनी वायर मिळून जवळपास तीन व्होल्ट खात होते.

बारा मिनिटंच का, तर गाडी बंद केली की पाण्याचा पंप थांबतो, समोरची हवा थांबते, पण हेडर धगधगत असतं. त्यामुळे बॉनेटखाली काही वेळ उष्णता उलट वाढतच जाते. मिसळ येऊन संपेपर्यंतचा वेळ म्हणजे नेमकी वाईट वेळ. तांब्याचा रोध अंशामागे साधारण ०.४ टक्का वाढतो. सोलेनॉइडची कॉइल ३० वरून ११० अंशांवर गेली की रोध तीसेक टक्के जास्त, म्हणजे करंट कमी आणि ओढही कमी. वर व्होल्टेजही अपुरं, मग तो बिचारा 'टक्' करून गप्प. आणि सेल्फपासून चार बोटांवर हेडर मीच हौसेने बसवलंय, हेही इथे लिहायला हवं.

उपाय १८० रुपयांचा चार पिनांचा रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच. ३० नंबरच्या पिनला बॅटरीहून फ्यूज टाकून जाड वायर, ८७ वरून सोलेनॉइडला, ८६ ला चावीची जुनी वायर, ८५ अर्थ. आता स्विचला फक्त रिलेचा किरकोळ करंट वाहावा लागतो. अर्थच्या वायरची थिंबल (टोकाची धातूची कडी) घासून पुसून घट्ट केली. तीन वेळा अंजनेरी, तीन वेळा मिसळ, तिन्ही वेळा गाडी पहिल्या चावीला.

मग डोक्यात किडा वळवळला. जुना सेल्फ परत चढवला, रिले तसाच ठेवला, पुन्हा अंजनेरी. पहिल्या चावीला सुरू.

नवा सेल्फ परत घेत नाहीत, म्हणून गाडीत तोच आहे. मोटार चांगली आहे, चार स्टार देतो. एक टोपीचा कापला. जुना माळ्यावर, त्याच्या मूळ रबरी टोपीसकट. मापाला जरा मोठी आहे, नाहीतर तीच लावली असती.