चिकूने बेदाणे खाल्ले त्या रात्री कामाला आलेली वेबसाइट: एमएसडी व्हेटर्नरी मॅन्युअल

माझे दीर तासगावला बेदाण्याच्या व्यापारात आहेत. त्यामुळे मार्च लागला की सांगलीत आमच्या घरी पेटी येतेच. शिऱ्यात बेदाणे, पुलावात बेदाणे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर बेदाणे. आणि बेदाणा कुत्र्यासाठी विषारी असतो हे चिकू चार वर्षांचा होईपर्यंत मला माहीत नव्हतं. चिकू म्हणजे आमचा गावठी कुत्रा, वजन 14 किलो, खाण्यात भेदभाव नाही.

रात्री साडेदहाला सकाळच्या शिऱ्यासाठी वाटीभर बेदाणे धुऊन ताटात निथळत ठेवले, ताट स्टुलावर. गॅलरीतले कपडे काढून आत आले तर ताट इतकं लख्ख की मला आधी वाटलं, मी बेदाणे काढलेच नाहीत.

आमचे हे म्हणाले, ‘‘सुकामेवाच आहे, काय होतंय?’’ तरी मी मोबाइल घेतला. पहिली चूक तिथेच. इंग्रजी अक्षरांत ‘मनुका’ आणि ‘डॉग’ असं टाकलं, तर सगळीकडे न्यूझीलंडचा मनुका मध! कुत्र्याच्या जखमेवर किती गुणकारी, वगैरे. दोन मिनिटं मी खूशही होते. लेकीने मागून डोकावून सांगितलं, ‘‘आई, ते मधाचं झाड आहे. रेझिन्स टाक.’’

तोवर कॉलनीतल्या श्वानप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बारा उत्तरं आली होती. ताक पाजा. हळद-दूध द्या. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढा. ‘आमचा तर रोज खातो, काही होत नाही.’ एका ॲपवर पैसे भरून डॉक्टरांशी चॅटही सुरू केलं. पाऊण तासाने उत्तर आलं ते एवढंच, की प्राण्यावर लक्ष ठेवा. ठेवलंच होतं. तो शेपूट हलवत आणखी बेदाणे मागत होता.

कामाला आलं ते एमएसडी व्हेटर्नरी मॅन्युअल. मूळ पुस्तक 1955 सालचं, जनावरांच्या डॉक्टरांसाठी काढलेलं; अमेरिका-कॅनडात त्याचं नाव मर्क. आता सगळं ऑनलाइन आहे, फुकट आहे आणि लॉगिन मागत नाही. त्यात दोन भाग आहेत, एक पाळणाऱ्यांसाठी आणि एक डॉक्टरांसाठी. पाळणाऱ्यांचा भाग सोप्या इंग्रजीत आहे. पण मला हवा होता तो ग्रॅमचा हिशेब डॉक्टरांच्या भागात सापडला. तिथे लिहिलंय की कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण 3 ग्रॅम बेदाण्यांनीही मूत्रपिंडं निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. ताज्या द्राक्षांचा तोच आकडा 20 ग्रॅमच्या आसपास.

मी तीच वाटी परत भरली आणि फराळाच्या वेळी वापरतो त्या काट्यावर ठेवली. 110 ग्रॅम. चिकूचे 14 गुणिले 3 म्हणजे 42. ओट्याला टेकून मी तो हिशेब दोनदा केला.

या साइटचं मला सगळ्यात पटलं ते हे, की जे ठाम नाही ते ठाम असल्यासारखं दामटलेलं नाही. सगळ्याच कुत्र्यांना त्रास होतो असं नाही, हेही तिथे आहे (म्हणजे ग्रुपवरचा तो ‘रोज खातो’वाला खोटं बोलत नव्हता, त्याचं नशीब बरं होतं). ओकाऱ्या बहुतेक पहिल्या दिवसातच सुरू होतात आणि मूत्रपिंडाचं नुकसान एक ते तीन दिवसांत दिसतं. म्हणजे कुत्रा शेपूट हलवतोय याला रात्री अकरा वाजता काडीचा अर्थ नाही. आणि ओकारीसाठी मीठ पाजू नये. रक्तातलं सोडियम वाढून कुत्रा त्यानेच दगावू शकतो. मिठाचा डबा माझ्या हातात होता, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतेय.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या रिंगला फोन उचलला. ‘‘ताई, वजन किती? किती खाल्लं? कधी?’’ तिन्हीची उत्तरं तयार होती. ‘‘निघा लगेच.’’ इंजेक्शन दिल्यावर दहा मिनिटांत टम्म फुगलेले बेदाणे बाहेर आले, बरेचसे अख्खे. चावायची पद्धत आमच्याकडे नाहीच. मग सलाइन, आणि तीन दिवस रोज क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडं ठीक आहेत का ते कळायला रक्ताची तपासणी. तिन्ही रिपोर्ट नॉर्मल आले.

आता तक्रारी. मराठी नाही, हिंदीही नाही. माझ्या सासूबाई घरी एकट्या असत्या तर ही साइट असून नसल्यासारखी. शोधताना इंग्रजी नावच लागतं आणि कण्हेर, बिट्टी अशा दारातल्या विषारी झाडांसाठी तर शास्त्रीय नाव हुडकावं लागतं. सर्पदंशाच्या पानावर भर अमेरिकेतल्या सापांवर. आमच्या शिवारात निघतात नाग, घोणस, मण्यार. आणि रात्री कुणाला फोन करायचा, हे तिथे मिळणार नाही. एएसपीसीए या अमेरिकन संस्थेची विषबाधेची हेल्पलाइन चोवीस तास चालते, पण ती तिकडची आणि सल्ल्याला फी घेते. आपला 1962 हा नंबर जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा, मुख्यतः गाई-म्हशींसाठी.

तरी एएसपीसीएच्या साइटवरची विषारी झाडांची यादी फुकट बघता येते, ती जरूर बघा. द्राक्षांत नेमकं काय बाधतं याचा धागाही त्यांच्याच डॉक्टरांना लागला. एका कुत्र्याने मुलांची घरी केलेली खेळायची कणीक खाल्ली, त्यात क्रीम ऑफ टार्टर (टार्टारिक आम्लाचा क्षार) होतं, आणि लक्षणं अगदी द्राक्षांसारखी निघाली. 2021 साली त्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं. तेव्हापासून आमटीभात खाली ठेवणं बंद, आणि यावर घरात आजही वाद आहे.

पुढच्या रविवारी दुपारी मी चहा घेऊन मॅन्युअल निवांत वाचलं आणि एका वहीच्या पानावर मराठीत उतरवलं. चिकूचं वजन. बेदाणे 42 ग्रॅमही घातक. कांदा-लसूण नाही, साखर नसलेलं च्युइंगगम नाही, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या नाहीत. तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हणून हात लावून ‘अंग तापलंय’ म्हणायचं नाही. हिरड्या गुलाबी आहेत का ते बघायचं. खाली डॉक्टरांचे दोन नंबर. पान फडताळाच्या दाराला आतून चिकटवलंय. कोल्हापूरच्या बहिणीकडे मांजर आहे, तिच्यासाठी एक ओळ वेगळी लिहून पाठवली: मांजराला पॅरासिटामॉलचा सुरक्षित डोस नाहीच, अर्धी गोळीसुद्धा नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो भाषेसाठी. पेटी आता माळ्यावर असते आणि शिऱ्यात काजू.