टीएलपी की पॉवर-प्रोफाइल्स-डेमन?

ठाण्याहून ऐरोलीला नोकरीला जाणाऱ्या भाच्याने जुन्या थिंकपॅड लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्स सिस्टिम टाकली आणि विचारलं, "मामा, बॅटरीसाठी टीएलपी टाकू, की आहे तेच राहू दे?"

टीएलपी आणि "आहे तेच" म्हणजे पॉवर-प्रोफाइल्स-डेमन, ही दोन्ही लॅपटॉपची वीज वाचवणारी मोफत साधनं, त्यामुळे खर्चाचा प्रश्नच नाही. प्रोसेसरचा वेग शेवटी कर्नलमधला (सिस्टिमच्या गाभ्यातला) ड्रायव्हर किंवा प्रोसेसर स्वतःच ठरवतो. ही दोन्ही साधनं त्याला बचत हवी की वेग, एवढं सांगतात.

मेहनत डेमनमध्ये कमी. उबुंटूत तो आधीच असतो. मेनूतून बचत, संतुलित किंवा वेगवान मोड निवडला की झालं. टीएलपीची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल वाचावी लागते, पण मोबदला भरपूर आहे. चार्जर काढताच टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) आपोआप बंद करता येतो, वाय-फाय आणि डिस्कची बचत वेगळी ठरवता येते. शिवाय थिंकपॅडवर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येतं. दिवसभर ऑफिसात चार्जरला लावलेल्या मशीनची बॅटरी त्याने लवकर खराब होत नाही. भाच्यासाठी मला हाच मुद्दा निर्णायक वाटला.

दोन्ही एकत्र मात्र अजिबात चालवू नका, एकमेकांच्या सेटिंग बदलत बसतात.

नवा लॅपटॉप असेल आणि सेटिंगचा कंटाळा असेल, तर डेमन पुरेसा. जुनं मशीन आणि फाइल वाचायची तयारी असेल, तर टीएलपी.