मला टीप नको होती, धीर हवा होता

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात सव्वीस वर्षं हिशेब लिहितोय. पट्टीत, म्हणजे माल विक्रीच्या हिशेबाच्या पावतीत, दोन रुपयांची चूक असली तरी माझ्या नजरेतून सुटत नाही, असं मालक चारचौघांत सांगतात. म्हणूनच घोड्यांच्या रेसवर मी कसा फसलो, हे लिहायला लाज वाटते. पण माझ्यासारखा एखादा ‘अभ्यासू’ माणूस आत्ता अशाच एखाद्या व्हॉट्सअॅप ग्रुपात बसला असेल, त्याच्यासाठी लिहितो.

रेसचा नाद जुना. पुण्याचा सीझन सुरू झाला की वर्षातून दोन-तीनदा पहाटेची एसटी धरायची, टोटच्या, म्हणजे रेसकोर्सच्या अधिकृत बेटिंगच्या, खिडकीवर शंभर-दोनशेची तिकिटं काढायची आणि रात्री घरी. हरलो तरी जाण्यायेण्यासकट दीड-दोन हजारांचा खेळ, बायकोलाही माहीत असलेला. सगळे ज्याच्यावर लावतात त्या फेव्हरिटमध्ये मला गोडी नव्हती, माझा जीव फ्लूकवर, म्हणजे कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या घोड्यावर. हँडिकॅप रेसमध्ये वरच्या रेटिंगच्या घोड्यावर जास्त वजन चढवतात, खालच्यावर कमी. चार वेळा मागे राहिलेला घोडा रेटिंग उतरून, हलक्या वजनानं, त्याच्या आवडीच्या अंतराला आला की कधीतरी उसळतो. तो हुडकायचा आणि वहीत मांडायचा. मात्र खिडकीशी गेलो की हात कचरायचा आणि तिकीट निघायचं फेव्हरिटचंच. वहीतला घोडा येऊन गेला की आठवडाभर चुटपुट.

ही चुटपुट त्यांनी बरोबर हेरली.

2024 च्या जुलैत रेसकोर्सवर भेटलेल्या एका पोरानं व्हॉट्सअॅप ग्रुपात घेतलं. माणसं साठेक, बोलणारी सात-आठ. साताऱ्याचे निवृत्त बँकवाले, कोल्हापूरचा इंजिनिअर, बेळगावचे एक जुने जाणकार. फी नाही, टीप विकणं नाही. उलट टिप विकणाऱ्यांना शिव्या. सुप्रीम कोर्टानं 1996 साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, हे एकजण आठवड्याला एकदा तरी सांगायचा. निकाल खरा आहे. पण त्यानं रेसकोर्सच्या बाहेर फोनवर पैसे घेणारा बुकी कायदेशीर होत नाही, हे तो सांगायचा नाही आणि मीही विचारलं नाही.

आता खरी मेख. मी पहिल्यांदा वहीतला घोडा ग्रुपात टाकला तेव्हा कुणी वाहवा केली नाही. बँकवाले म्हणाले, ‘काका, 1400 मीटर त्याला झेपणार नाही.’ इंजिनिअर म्हणाला, ड्रॉ, म्हणजे सुटायची जागा, वाईट आहे. मी इरेला पेटलो. जुने निकाल, सकाळच्या गॅलपच्या, म्हणजे सरावाच्या दौडीच्या, वेळा, सगळं लिहून पाठवलं. दोन दिवसांनी बँकवाले हळूच म्हणतात, ‘पुन्हा पाहिलं. वजण बघता तुमचं म्हणणं पटतंय. मीपण थोडे लावतो.’ मग इंजिनिअर वळला, मग बेळगावकर. वाद घालणारा माणूस आपल्या बाजूला आला की जी छाती फुगते ना, ती शंभर वाहवांनी फुगत नाही. मी त्यांना पटवलं असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात पटवून घेणं हेच त्यांचं काम होतं.

पैसे लावायला पुण्याला कशाला जायचं, ‘आपला माणूस’ आहे, असं त्यातच ठरलं. पहिले 200 रुपये, भाव अठराला एक, म्हणजे रुपयाला अठरा. घोडा आला आणि दहा मिनिटांत लावलेल्या 200 सकट 3,800 जमा. त्यानंतर अकरा वेळा गेले, मिळून 41,500. दर वेळी पैसे वेगळ्याच नावानं घ्यायचे, कधी साडी सेंटर तर कधी मोबाईल ॲक्सेसरीज. दुकानात एखाद्या व्यापाऱ्यानं असं केलं असतं तर मी पट्टीच अडवली असती. हरल्यावर सगळे मिळून हळहळायचे, ‘आमचेपण गेले काका.’ एकत्र हरण्यातही एक ऊब असते. ती महागात पडली.

ऑक्टोबरात वहीत एक घोडी होती. भाव बावीसला एक. नेहमीचा विरोध, नेहमीचं पटणं. मी 15,000 लावले. आणि ती घोडी आली! दुकानात कुणाला कळू नये म्हणून गोदामात हळदीच्या पोत्यांमागं जाऊन निकाल पाहिला. हात थरथरत होते. नुसती जिंकलेली रक्कम 3,30,000 रुपये.

संध्याकाळी मेसेज: रकमेवर 28 टक्के जीएसटी, म्हणजे 92,400, आधी भरा, मग पेमेंट सुटेल. बँकवाले म्हणाले, ‘माझंही असंच झालं होतं, निम्मे आज भरा, निम्मे उद्या.’ घरात बायकोच्या भिशीचे पैसे होते. 46,200 पाठवले. दुसऱ्या दिवशी टीडीएस मागितला, तेव्हा कुठं डोकं ताळ्यावर आलं. तेव्हाचा 28 टक्के जीएसटी पैज लावतानाच लावलेल्या रकमेवर लागायचा, जिंकलेल्या रकमेवर नाही. टीडीएस तर पैसे देणाराच देताना कापतो. रेसच्या पैशांसाठी जिंकणाऱ्यानं आधी खिशातून कर भरायचा, असं नसतं. हे मला, हिशेबनीसाला, माहीत होतं.

त्या रात्री सगळं चॅट पहिल्यापासून वाचलं. बँकवाले, इंजिनिअर आणि बेळगावकर, तिघंही ‘वजन’ हा शब्द ‘वजण’ असा लिहीत होते. तीन गावं, तीन वयं, चूक एकच. पुढं इचलकरंजीचा एक ओळखीचा भेटला. तोही तसल्याच दुसऱ्या ग्रुपात होता, तिथंही एक बँकवाले होते. माझी घोडी आली त्याच दिवशी, त्याच रेसला त्याच्या ग्रुपाचं एकमत दुसऱ्याच घोड्यावर झालेलं. दोघांचे फोन शेजारी ठेवून पाहिलं तर ‘पुन्हा पाहिलं, पटतंय’ हे वाक्य अक्षर न् अक्षर सारखं.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, पण चौथ्या दिवशी. पहिल्या काही तासांत केला असता तर पैसे पुढच्या खात्यात अडकवता येण्याची आशा असते. मी तीन दिवस काय करत होतो? तक्रार केली तर बाहेरच्या बुकीकडं खेळल्याचं आपल्याच तोंडानं सांगावं लागणार, या भीतीनं गप्प होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तो गप्पपणा त्यांनी आधीच हिशेबात धरलेला असतो. शेवटी सगळं खरं सांगितलं, स्क्रीनशॉट दिले. निव्वळ तोटा 99,100. भिशीचे पैसे पगारातून महिन्याला तीन हजारांनी भरतोय. बायको त्यावर काही बोलत नाही, फक्त दर एक तारखेला वही पुढं सरकवते.

या जुलैत नव्या नंबरवरून मेसेज आला. ‘नमस्कार काका, यंदा अभ्यास कुठवर? दुसऱ्या रेसमध्ये चार नंबरचं वजण बघितलं का?’

तोही स्क्रीनशॉट तक्रारीला जोडला.