पाण्यावर डेमो दाखवला आणि माझे 53,300 रुपये गेले

सांगायला लाज वाटते. 22 वर्षं मुंबईत रंगकाम करतोय, ब्रश-रोलरपासून कॉम्प्रेसरच्या गनपर्यंत सगळं हाताखालून गेलंय, तरी जुनं एअरलेस मशीन (हवेशिवाय, नुसत्या पंपाच्या प्रेशरने रंग फवारणारं) 'रिकंडिशन' म्हणून विकणाऱ्याने मला गंडवलं. कोणी म्हणेल, स्वस्ताला भुलला. तसं नव्हतं. दिवाळी तोंडावर, मुलुंडला दोन फ्लॅट हातात, निम्मी पोरं भातकापणीला गावी गेलेली. नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात नव्या मशीनचा भाव 92,000 सांगितला होता. हा 46,500 ला देत होता, वर वर्षभराच्या देखभालीचे 6,800. माझ्या जागी कोणीही विचार केला असता.

मोबाइलवर जाहिरात, मग व्हिडिओ, मग "आणखी दोघं बघून गेलेत". ही पद्धत तुम्हाला माहीत आहेच. 5,000 टोकन यूपीआयने दिले आणि साकीनाक्याच्या एका गाळ्यात डेमो बघायला गेलो.

तो डेमो मला अजून झोपू देत नाही. बादलीत पाणी होतं. फवारा छान पसरला. त्याने ट्रिगर सोडला आणि मोटर थांबली नाही. दोन-तीन सेकंद गेले की एक ठोका, परत एक ठोका. बरोबर भाचा होता, आयटीआयला शिकतो. तो म्हणाला, "मामा, गन बंद आहे तर मोटर का चालते?" मी तोंड उघडायच्या आत तो माणूस म्हणाला, "पॅकिंग नवीन टाकलंय काका, दोन दिवसांत बसेल." आणि मी भाच्यालाच गप्प बसवलं. पोराने बरोबर ओळखलं होतं. ट्रिगर सोडला की होजमध्ये, म्हणजे गनच्या नळीत, प्रेशर भरून मोटर थांबलीच पाहिजे. थांबत नसेल तर प्रेशर कुठेतरी गळतंय, पॅकिंगमधून (पिस्टनभोवतीचं सील) नाहीतर व्हॉल्व्हमधून. पाणी पातळ, ते कमी प्रेशरलाही पसरतं. स्वतःची प्लास्टिक पेंटची बादली घेऊन जा. विकणारा नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

उरलेल्यातले 30,000 आणि देखभालीचे 6,800 यूपीआयने दिले. 11,500 त्याने रोख मागितले, मी दिले. पक्कं बिल "उद्या पाठवतो" म्हणाला.

मुलुंडला पहिल्याच भिंतीवर फवाऱ्याच्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना जाड शेपट्या, मध्ये फिका. 517 नंबरची टिप (गनच्या तोंडावरचं नोझल) होती, बारा इंचांवरून साधारण दहा इंची सारखा पट्टा यायला हवा. मला वाटलं टिप झिजली असेल. 1,850 ची नवी आणली. तेच. मग पिस्टनच्या वरचा कप बघितला, त्यातल्या तेलात रंग चढलेला. पॅकिंग गेल्याची याहून उघड खूण नाही. कुर्ल्याच्या मेकॅनिकने पंप खोलला. पिस्टन रॉडवर नखाला लागतील असे चरे, नटांवर ताजा रंग मारून झाकपाक केलेली. दुरुस्तीचा अंदाज 18,400. इकडे भिंती घासून पुन्हा रोलर मारण्यात मजुरी आणि रंग मिळून 11,250 गेले.

विकणाऱ्याने दिलेल्या 'ट्रेनिंग'बद्दल लिहिलंच पाहिजे. प्रेशर न सोडता तो टिप अंगठ्याने पुसत होता. असं कधीही करू नका. 3,000 पीएसआय (दाबाचं माप) प्रेशरला रंग कातडीतून आत घुसतो, बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि हात गमवायची वेळ येते. मोटर बंद, प्राइम व्हॉल्व्ह (पंपातलं प्रेशर सोडायचा) उघडा, बादलीत ट्रिगर दाबून प्रेशर सोडा, ट्रिगरचं लॉक लावा, मगच टिपला हात. आणि लागलंच तर मलम लावत बसू नका, थेट हॉस्पिटल.

फोन पाचव्या दिवशी बंद झाला. गाळ्याला कुलूप, शेजारी म्हणाले दोन महिन्यांच्या भाड्यावर होता. पोलीस म्हणाले, "हा व्यवहाराचा वाद, दिवाणी कोर्टात जा." अहो, खोटं सांगून पैसे घेतले, यात दिवाणी काय? भारतीय न्याय संहितेत कलम 318 मग कशासाठी आहे? 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर म्हणे माल समोर बघून घेतलात, पोलीस स्टेशनला जा. पोलीस स्टेशन म्हणतं यूपीआय आहे, 1930 ला करा. बँकेत उत्तर मिळालं, पिन तुम्हीच टाकलात. चार दिवस मी या खिडकीवरून त्या खिडकीवर, रोजचं काम बुडवून. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर तर सांगितलं, धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. हे धडधडीत चुकीचं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरायला घेतलेली वस्तू व्यापारी वापरात धरत नाहीत. वकिलाकडून कळलं तेव्हा संताप झाला. खिडकीवर बसलेल्याला एवढं माहीत नसावं? दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तुम्हालाही असं परत पाठवलं तर ऐकू नका, नकार लेखी मागा.

रोख दिलेल्या 11,500 चा एक कागद माझ्याकडे नाही. जीएसटी नंबरचं बिल हातात पडल्याशिवाय एक रुपया सोडू नका. मशीनवरची सिरियल नंबरची पट्टी बघा, माझ्या मशीनवरची घासलेली होती आणि मी विचारलंही नाही.

मशीन आता भांडुपच्या खोलीत ताडपत्रीखाली आहे. दुरुस्त केलेलं नाही. मेकॅनिकचा लेखी अहवाल आणि चरा पडलेल्या रॉडचे फोटो घेतलेत, कारण एकदा नवीन रॉड बसला की पुरावा गेला. ग्राहक आयोगाची तक्रार या आठवड्यात टाकतोय. साकीनाक्याच्या अशाच गाळ्यातून कोणी मशीन घेतलं असेल तर ते खोलायच्या आधी ट्रिगर सोडून मोटर चालतेय त्याचा व्हिडिओ काढून ठेवा.