आपलीच माणसं चुकत असतील तर: कर्णाची वाट की विभीषणाची?

ज्याच्या मिठावर आपण उभे राहिलो, तोच माणूस उघड अन्याय करतोय. भाऊ असेल, मित्र असेल, वरिष्ठ असेल. त्याच्यासोबत राहायचं की उठून जायचं? या पेचात सापडलेल्याला आपली दोन्ही महाकाव्यं दोन वेगळी उत्तरं देतात. मराठी मनाचा कौल बहुधा ठरलेला असतो: कर्ण म्हटलं की डोळे भरून येतात आणि विभीषण म्हटलं की 'घरभेदी' हा शब्द तोंडावर येतो. दोघांची कथा शेजारी ठेवून वाचल्यावर माझा तरी तो कौल टिकला नाही.

आधी कर्ण. शिष्टाई फसल्यावर कृष्ण त्याला रथात घेतो आणि जन्माचं गुपित सांगतो. तू कुंतीचा थोरला, पांडव तुझे पाय धरतील, राज्य तुझंच. उद्योगपर्वातलं कर्णाचं उत्तर सावकाश वाचावं असं आहे. राधेला माझ्यासाठी पान्हा फुटला, अधिरथाने माझे संस्कार केले, लग्नं लावली. तेरा वर्षं दुर्योधनाच्या आश्रयाने मी राज्य भोगलं आणि माझ्याच भरवशावर त्याने हे युद्ध मांडलंय. सोन्याच्या राशी दिल्या तरी ही नाती खोटी करता येणार नाहीत. वर तो विनवतो की हे युधिष्ठिराला सांगू नकोस, कळलं तर तो राज्य घेणार नाही. मिठाला जागणं म्हणजे काय, हे याहून उंच कुठे मी वाचलेलं नाही.

पण त्याच संभाषणात तो कबूल करतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना कडू बोललो, त्याचा आता ताप होतो. ही कबुली कृष्णापाशी आहे, एकांतात. दुर्योधनाच्या तोंडावर ती कधी येत नाही. द्यूतसभेत तर उलटच घडलं होतं. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला, मग द्रौपदीला पणाला लावायचा त्याला हक्क काय, असं सगळ्यांसमोर विचारायला धृतराष्ट्राचा मुलगा विकर्ण उभा राहिला. त्याला गप्प बसवलं कर्णाने.

आता विभीषण. हनुमान लंकेत पकडला गेला तेव्हा दूताला मारता येत नाही, असं रावणाला ठणकावणारा हाच. सीतेला परत कर, हे त्याने भावाला पुनःपुन्हा सांगितलं, भर दरबारात सांगितलं. अपमान झाला, तेव्हा चार साथीदार घेऊन तो निघाला. पलीकडे कुणी पायघड्या घातल्या नव्हत्या. सुग्रीव त्याला हेर समजून मारायला निघाला होता. बायकामुलं मागे लंकेत होती. म्हणजे सोडून जाणाऱ्याचं सोपं होतं, हा समज चूक आहे. एक आक्षेप मात्र खरा आहे: युद्धाआधीच त्याला लंकेचा राज्याभिषेक झाला. कर्णाने राज्य नाकारलं, विभीषणाला ते मिळालं, आणि लोकांच्या मनात सल राहिला तो इथेच.

या दोघांच्या मध्ये आणखी एक वाट आहे. तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. कुंभकर्ण जागा झाल्यावर रावणाला आधी चार खडे बोल सुनावतो, मग शस्त्र उचलतो. विकर्णही बोलला आणि तरी कौरवांकडूनच लढला. भीमाने त्याला मारलं आणि मारून हळहळला. युयुत्सु, धृतराष्ट्राचाच आणखी एक मुलगा, मात्र युद्ध सुरू होण्याआधी सगळ्यांदेखत पलीकडे गेला.

तुम्हाला ठरवायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे. राहणं की जाणं हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न हा, की तोंडावर बोललात का? बोलून राहिलेल्या विकर्णाला मी न बोलता राहिलेल्या कर्णापेक्षा वर ठेवतो, पराक्रमात तो कितीही उणा असला तरी. दुसरा प्रश्न आपल्या वजनाचा. विकर्ण गेला असता तरी युद्ध थांबलं नसतं. पण दुर्योधनाची सगळी उमेद कर्णावर होती. आपल्याच बळावर अन्याय उभा असेल, तर तिथे थांबणं ही नुसती कृतज्ञता राहत नाही, आपण त्याचा खांब झालेलो असतो. तेव्हा जावं.

मात्र जाणाऱ्याने निकुंभिलेचा, म्हणजे रावणपुत्र इंद्रजिताच्या लंकेतल्या यज्ञस्थळाचा, प्रसंग वाचून निघावं. विभीषण लक्ष्मणाला वाट दाखवत इंद्रजितापर्यंत घेऊन येतो. पुतण्या समोरून विचारतो, परका गुणी असला तरी परकाच ना, आपला निर्गुणी असला तरी आपलाच ना? विभीषण उत्तर देतो, मी अधर्माची संगत सोडली. पण थोड्या वेळाने तोच वानरांना सांगतो की याला मारायला हात उचलतो, तर डोळ्यांत पाणी येऊन समोरचं दिसत नाही. लक्ष्मणच याला मारेल.