लॉन लावावं की देशी झुडपं? (सांगलीच्या काळ्या मातीतून)

घरापुढं थोडी जागा सुटलीय आणि तिथं काय करावं असा प्रश्न आजकाल बरेच जण विचारतात. माझ्याकडं गेटच्या एका बाजूला लॉन आहे आणि दुसऱ्या बाजूला अडुळसा, निर्गुडी, कढीपत्ता, लिंबू, पारिजातक असली आपली झाडं. दोन्ही एकाच पावसाळ्यात लावलेली, खालची काळी माती एकच, पाणी एकाच मोटरचं, त्यामुळं तुलना करायला बरं पडतं. पेव्हर ब्लॉकचं मी धरतच नाही, ज्याला गाडीच लावायचीय त्यानं ते खुशाल करावं.

दिसायला लॉनच भारी, हे आधी मान्य करून टाकतो. पाहुणा आला की त्याचं लक्ष तिकडंच जातं, झुडपांच्या बाजूला बघून मेव्हण्यानं "इकडचं काम राहिलंय का अजून" असं विचारलं होतं. लहान पोरं असतील, संध्याकाळी खुर्च्या टाकून बसायची सवय असेल तर लॉनला पर्याय नाही. पाणी, कटिंग वगैरे सगळ्यांना माहितीच आहे.

पण माझं जे मन उडालं ते लव्हाळ्यानं. महापुरात लव्हाळं वाचतं हे आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलं आहे, ते लॉनमध्ये पण तसंच वाचतं हे कुणी सांगत नाही. लॉनच्या शीटबरोबर येतं की खाली टाकलेल्या तांबड्या मातीतून येतं देव जाणे, पण येतंच. उपटलं की वरचा शेंडा हातात येतो, खालच्या गाठी एकमेकींना धाग्यानं जोडलेल्या असतात त्या तशाच राहतात आणि आठवड्यात परत वर, आणि ते सुद्धा लॉनपेक्षा उंच, म्हणजे कटिंग केलेल्या दुसऱ्या दिवशी दाढीचे खुंट दिसावेत तसं दिसतं. मग माळी म्हणतो तणनाशक मारू. साधं टू-फोर-डी रुंद पानाच्या तणाला चालतं, लव्हाळ्याचं त्यानं फारसं वाकडं होत नाही, आणि ग्लायफोसेट मारलं तर लॉनच आधी जळतं. नेमकं लव्हाळ्यावरचं औषध मिळतं, महाग असतं, आणि गाठींतून पुन्हा फुटवा आला की पुन्हा मारायचं. त्यात लॉन पिवळं पडलं की युरियाची मूठ आहेच.

आता हे सगळं जातं कुठं? आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वळवाचं पहिलं पाणी त्या भेगांतून गपकन आत जातं, पण एकदा माती फुगली आणि भेगा मिटल्या की पुढचं पाणी मुरतच नाही म्हटलं तरी चालेल, ते वरून वाहतं. जोराचा पाऊस झाला की माझ्या लॉनकडनं तांबडं पाणी गेटखालनं गटारात जाताना सरळ दिसतं. तांबडं म्हणजे माती, बरोबर विरघळलेला युरिया दिसत नाही एवढंच. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतं, ते गटारातनं ओढ्याला, ओढ्यातनं कृष्णेला. शेवाळ आणि जलपर्णी ह्याच्यावरच पोसतात. सांगलीचं सांडपाणी कृष्णेत आणणाऱ्या शेरीनाल्याच्या नावानं आपण सगळेच बोटं मोडतो, आणि पितो पण कृष्णेचंच. आता माझ्या एवढ्याशा लॉननं नदी बिघडली असं म्हणत नाही, उसाच्या रानातनं जे येतं त्यापुढं हे काहीच नाही. तरी प्रत्येक बंगल्यापुढं तेच चाललंय.

झुडपांच्या बाजूनं पण पाणी येतं, नाही असं नाही, पण उशिरा येतं आणि मला तरी ते निवळ दिसतं. मी खाली उसाचं पाचट अंथरतो, रानात जाळून टाकतात त्यापेक्षा बरं, आणि उताराच्या कडेला वाळा लावलाय, त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. गच्चीचा पाईप पण तिकडंच सोडलाय, एका उथळ खड्ड्यात. काळ्या मातीत असा खड्डा सावकाश जिरतो, म्हणून तो खोल घेऊ नका, नाहीतर पाणी साचून डासांची सोय होईल. खत-औषध ह्या बाजूला काहीच नाही, कारण मारून चालतच नाही. कढीपत्त्यावर आणि लिंबावर फुलपाखरांच्या अळ्या असतात, पानं कुरतडलेली दिसतात, ते ज्याला सहन होत नाही त्यानं ह्या भानगडीत पडू नये. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, 2015 साली जाहीर झालेलं, ते पण लिंबाच्याच जातीवर अंडी घालतं. माझ्याकडं अजून आलेलं नाही, साधी लिंबाळी मात्र कायम. शिंपी पक्षी आहे, सातभाईंचा कालवा आहे, अडुळशाच्या फुलांवर शिंजीर. लॉनवर साळुंक्या येतात तेवढ्याच.

तोटे पण सांगतो. दोन पावसाळे जाईपर्यंत ही बाजू ओसाडच दिसते, एप्रिल-मेमध्ये तर बघवत नाही. शेजारच्या काकू सापाचं नाव काढतात, त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही, म्हणून भिंतीला लागून दाटी ठेवत नाही आणि पाचट पायरीपर्यंत आणत नाही. पुराच्या पट्ट्यात घर असेल तर मात्र माझ्या मते लॉनचा विचारच नको. 2019 ला गावभागातल्या मित्राच्या लॉनवर गाळ बसला तो बसलाच, त्याची निर्गुडी छाटल्यावर परत फुटली.

हिरवळ हवीच असेल तर छोटा तुकडा ठेवा आणि तो हरळीचा ठेवा. गंमत बघा, रानात हरळी दिसली की शेतकऱ्याला घाम फुटतो, इथं आपण विकतचं गवत आणतो. शिवाय गणपतीत दूर्वा शोधत फिरावं लागत नाही.

रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा, स्वस्तात मिळतात, मृगाच्या आसपास लावा. नर्सरीवाला "फुलपाखरांसाठी" म्हणून घाणेरीची रंगीत कुंडी पुढं करेल किंवा कुंपणाला कोनोकार्पस घ्या म्हणेल, दोन्ही नको म्हणा, इथली नाहीत ती. आणि माळी लॉनच सुचवणार हे धरूनच चला, त्याला दर महिन्याचं कटिंग मिळतं, झुडपांना वर्षातनं एकदा-दोनदा कात्री लावली की झालं.